बापाच्या काठीवरचा हात

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "तुम्ही काय करता?" ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परदेशातल्या आमच्या त्या तळ्याकाठच्या शहरातली मराठी मंडळी म्हणजे अर्धे डॉक्टर, अर्धे इंजिनिअर आणि उरलेले पीएच.डी. करणारे. त्यांच्यात उभी राहून मी सांगायची, "मी म्युझियममध्ये दगड साफ करते." समोरचा माणूस माझ्या नवऱ्याकडे, सुहासकडे, सहानुभूतीने बघायचा. एका काकूंनी तर मला कोपऱ्यात नेऊन विचारलं होतं, "मीना, सगळं ठीक आहे ना गं घरी?"

सगळं झकास होतं. नागपूरची केमिस्ट्रीची एमएस्सी घेऊन मी लग्नानंतर इकडे आले, म्युझियमच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले आणि दगडांच्या प्रेमात पडले ती रिटायर होईपर्यंत पडलेलीच राहिले. हे काम करणाऱ्याला कॉन्झर्वेटर म्हणतात. आजारी वस्तूंची देखभाल करायची. त्यांना नवं करायचं नाही, आहेत तशा टिकवायच्या. हे लोकांना पटवणं महाकठीण. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरकाकांचा पाटा भारतातून येताना विमानात दुभंगला. ते दोन्ही तुकडे घेऊन थेट माझ्या दारात हजर. "चिकटवून दे. हिला चटणी पाट्यावरचीच लागते." मी म्हटलं, "काका, चिकटवीन, पण मग चटणीत खोबऱ्याबरोबर इपॉक्सी गोंदही येईल." काका विचारात पडले आणि म्हणाले, "चव बदलेल का?"

असे नमुने पुष्कळ भेटले. पण आजही कोणी "तुझं सगळ्यात आवडतं काम कोणतं?" असं विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, एक दगडी दार. त्या दाराने मला जितकं नाचवलं तितकं कशानेच नाही, आणि शेवटी ते दार थेट माझ्या घरात येऊन पोचलं.

आधी हे दार म्हणजे काय ते सांगते. जुन्या इजिप्तमध्ये ऐपत असलेला माणूस आपल्या कुटुंबासाठी दगडी थडगं बांधून ठेवायचा. त्यात जमिनीच्या वर एक खोली आणि खोलीच्या भिंतीत हे दार. दार कसलं, अख्खी कोरीव शिळाच. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी एक चौकट, अगदी मधोमध एक अरुंद खाच आणि खाचेच्या वर गुंडाळून ठेवलेली चटई. सगळं दगडातच कोरलेलं. हे उघडत नाही, बंदही होत नाही. जिवंत माणसाला ही भिंत आणि मेलेल्या माणसाला दार. पलीकडून तो यायचा, अलीकडे घरच्यांनी वाढून ठेवलेलं जेवायचा आणि परत जायचा. म्हणून चौकटींवर घरातल्या सगळ्यांची चित्रं आणि नावं. नाव असेल त्याला जेवण. नाव गेलं की माणूस उपाशी, तोही कायमचा. मला हे कोणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरात वाढलेली मुलगी मी.

आमच्याकडचं दार सेशेम नावाच्या एका अधिकाऱ्याचं होतं. उजव्या चौकटीवर तो स्वतः हातात उंच काठी घेऊन उभा, मागे बायको, आणि डावीकडे त्याचा मुलगा खुई. सेशेमच्या पुढ्यात, गुडघ्याच्या उंचीला, एक कोरी सपाट जागा होती. ती तशीच असते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एका दमट उन्हाळ्यात ती जागा फुगली.

आपल्याकडे जुन्या भिंतींना लोणा लागतो ना, तोच प्रकार. वाळवंटातलं मीठ या दगडांच्या पोटात भरलेलं असतं. दमट हवेत ते विरघळतं, हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की सुकून त्याचे खडे होतात, आणि हे खडे दगडाला आतून ढुशा मारतात. मी बोटाच्या पेराने टकटक केलं. सगळीकडे खणखणीत आवाज, आणि त्या कोऱ्या जागेवर बद्द. तो दगड नव्हताच! ते प्लास्टर होतं, दगडासारखं रंगवलेलं. दार विकताना कुठल्या तरी दलालाने तिथलं काहीतरी लपवलं होतं.

प्रयोगशाळेचा मुख्य फ्रँक. जाडजूड, कमी बोलणारा, सदा कपाळाला आठ्या. त्याने वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "प्लास्टर काढ, मीठ काढ, नवीन भर. पानगळीच्या आत गॅलरी उघडायची आहे."

दार भिंतीत बसवलेलं, त्यामुळे काम गॅलरीतच, दोरीच्या आत स्टुलावर बसून. हातात डॉक्टरांची असते तशी बारीक सुरी. प्लास्टरचा पापुद्रा उचलायचा, फुंकर मारायची, पुढचा उचलायचा. काही दिवस नुसती पांढरी भुकटी निघाली. मग एका सकाळी, सेशेमच्या काठीला लागून, सुरीच्या टोकाखाली चार रेघा दिसल्या. शेजारी शेजारी, काठीला वळसा घातलेल्या. बोटं!

मी ओरडलेच. वरच्या मजल्यावर हेलन बसायची, आमची इजिप्तची अभ्यासक. मी फोन केला आणि ती फोन न ठेवताच पळत आली. गुडघ्यांवर बसली, भिंग लावलं आणि माझा दंड घट्ट पकडून म्हणाली, "मीना, डोंट स्टॉप! नाही, स्टॉप! नाही नाही, कर, पण हळू!"

पुढचे दिवस आम्ही दोघी वेड लागल्यासारख्या वागत होतो. प्लास्टरखाली छिन्नीचे घावच घाव निघाले. तिथे एक लहानखुरी आकृती होती. काठी धरून बापापुढे उभा असलेला मुलगा. अशा दारांवर मुलं बापाच्या काठीला धरून उभी दाखवायची पद्धत आहे. कोणीतरी त्याला त्या जुन्या काळीच खोडून काढलं होतं. डोकं, धड, पाय, सगळं ठेचलेलं. फक्त हात उरला होता, कारण हात खोडायचा तर सेशेमची काठीही तुटली असती.

"हा थोरला असणार," हेलन म्हणाली. "काठीला थोरला असतो. घरात काहीतरी झालं आणि त्याला कुटुंबातून काढून टाकलं."

भाऊबंदकी! चार हजार वर्षांपूर्वीची! मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण त्याच क्षणी मला आमच्या दिवाणखान्यातला एक फोटो आठवला आणि हात तिथेच थांबले.

त्या फोटोत सासरे खुर्चीवर बसलेले, शेजारी सासूबाई आणि पुढे हाफ पँटमधला सुहास. आणि सासऱ्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी एक हात. माणूस नाही, नुसता हात. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, तेव्हा सुहास म्हणाला होता, "फोटोग्राफरचा असेल." फोटो काढणाऱ्याचा हात फोटोत कसा येईल, हे विचारण्याइतकी धिटाई तेव्हा नव्हती. पुढे कळलं. फ्रेमच्या आत फोटोची एक बाजू मागे दुमडलेली होती आणि त्या घडीत प्रभाकरदादा होते, सुहासचे थोरले भाऊ. त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध एका विधवेशी लग्न केलं. सासऱ्यांनी सांगितलं, याचं नाव या घरात निघता कामा नये. आणि निघालं नाही. सासरे गेले तेव्हासुद्धा दादांना कोणी कळवलं नाही.

फ्रँकपुढे हेलनने मागणी ठेवली, की ही जागा बुजवायची नाही, अशीच दाखवायची. फ्रँकने आठ्या वाढवल्या. "लोकांना वाटेल आम्हीच फोडलं." हेलन भांडली. तो शांतपणे म्हणाला, "नाव आहे का त्याचं? नाव मिळालं तर तो माणूस आहे, मी हात लावणार नाही. नाव नसेल तर ती खोक आहे. खोक मी बुजवतो." यात वाईट काही नव्हतं, तो आमच्या धंद्याचाच नियम सांगत होता. पण गॅलरी उघडायला थोडेच दिवस उरले होते, आणि त्याच्या त्या वाक्याने मी पेटले. आता मला ते नाव हवंच होतं.

नाव असलंच तर डोक्याच्या वर असणार. तिथे छिन्नीच्या घावांवर एक तपकिरी, चिवट थर बसला होता. प्लास्टर धरावं म्हणून दलालाने खाली खळ फासली होती. साधी पिठाची खळ. भरपूर पाणी लावावं तर मीठ उसळणार, खरवडावं तर उरलेसुरले अवशेष जाणार. फ्रँक म्हणाला, "थुंकी."

वाचकहो, हे खरं आहे. जगभरातले कॉन्झर्वेटर काडीला कापूस गुंडाळतात, जिभेवर ओला करतात आणि वस्तू पुसतात. भाकरी खूप वेळ चघळली की गोड लागते, कारण लाळ पिठाला फोडते. इथे नेमकं तेच हवं होतं. अट एकच, तोंड स्वच्छ हवं. कॉफी नाही, तिखट नाही, लोणचं नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना आम्ही आई म्हणायचो. साताऱ्याकडच्या, ताठ कण्याच्या, जिभेला धार. मी जेवताना लोणचं नको म्हटलं तेव्हा त्यांनी डाव हवेतच थांबवला.

"लोणचं नको? तुला? सुहास, काही गोड बातमी आहे का रे?"

"आई, तिला ऑफिसमध्ये थुंकायचंय," सुहास म्हणाला. त्याला असल्या वेळी गप्प बसता येत नाही.

झालं. दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर म्युझियमला आल्या. नऊवारी, वर सुहासचा जाड स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. हेलनने त्यांच्यासाठी दोरीच्या आत खुर्ची टाकली. मी काडी तोंडात घातली आणि दगडाला लावली.

"अगं! हे दार कशाचं म्हणालीस?"

"मेलेली माणसं यातून जेवायला यायची."

"म्हणजे पितरांच्या पानाला उष्टं लावतेस तू?"

आता काय सांगू! काम सुरू केल्यापासून माझ्याही मनात हेच कुरतडत होतं. प्रयोगशाळेतली मीना म्हणत होती, एंझाइम आहे. घरची मीना म्हणत होती, उष्टं आहे. प्रत्येक काडीगणिक मी मनातल्या मनात माफी मागत होते. हेलनने विचारलं, काय म्हणाल्या? मी इंग्रजीत सांगितलं. तिला इतका आनंद झाला की ती जमिनीवर मांडी घालून आईंच्या समोर बसली.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "या दारावर काय लिहिलंय. हजार भाकऱ्या आणि हजार घडे बियर मिळो, असं."

"बियर?" आईंनी कपाळावर हात मारला. "पितरांना? आमच्याकडे वडे लागतात, खीर लागते."

"आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याने काय करायचं, तेही अशा थडग्यांत लिहिलेलं असतं. नुसतं तोंडाने म्हणायचं. तोंडातला श्वास पुरतो. नाव घ्या आणि म्हणा, की त्यांना ते पोचतं."

आईंनी जरा विचार केला. "म्हणजे तोंडातलं चालतं त्यांना," त्या म्हणाल्या. "मग कर तू. नीट कर."

त्या गॅलरीत माझा जीव इतका हलका कधीच झाला नव्हता. मी कामाला लागले. काडी ओली करायची, टेकवायची, गोल फिरवायची, टाकून द्यायची. चोळायचं नाही. तपकिरी थर हळूहळू कापसावर यायला लागला. आई रोज यायच्या. मी थकले की मला पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "चूळ भर आधी." पहारेकऱ्यांना वाटायचं, या बाई माझ्या वरिष्ठ आहेत.

एकदा त्यांनी त्या हाताकडे बोट केलं. "याला कोणी खोडलं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "हेलन म्हणते भावाने असेल. नाहीतर बापाने."

"बापाने," आई ताडकन म्हणाल्या. "भावाला एवढं बळ कुठलं." मग पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "आणि आई मागेच उभी आहे बघ. सगळं बघत."

मी मान वर केली नाही. फोटोबद्दल मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तरी आजवर आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो.

शेवटी खळ निघाली. समोर नुसते घाव दिसत होते. हेलनचा चेहरा पडला. फ्रँक पाहून गेला आणि खाली जाऊन त्याने प्लास्टरची पोती वर पाठवली. पोती दाराशी येऊन थांबली तेव्हा मला रडूच कोसळलं. आई म्हणाल्या, "अगं, दिवा तरी लावून बघ. अंधारात कशी शोधतेस?"

अंधार नव्हता, वर भरपूर दिवे होते. पण मी दिवे मालवायला सांगितले. आमच्या कामात एक युक्ती असते. खोली काळोखी करायची आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून प्रकाश तिरपा सोडायचा. केसाएवढ्या खोल रेघेचीही सावली पडते. मी ती शेवटी, सगळं साफ झाल्यावरच करणार होते, पण पोती पाहून माझी हिंमतच खचली होती. विजेरी डावीकडून धरली, काही नाही. वरून धरली, काही नाही. खालून, मुलाच्या पायांच्या बाजूने वर धरली, आणि घावांच्या तळाशी सावल्या उठून उभ्या राहिल्या. छिन्नी खोल गेली होती, पण मूळ कोरणाऱ्याचा हात तिच्याहूनही खोल गेला होता.

हेलनचा श्वास ऐकू आला. "हलू नकोस. मीना, प्लीज, हलू नकोस." ती पुटपुटत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून लावत होती. आणि मग मोठ्याने, "त्याचा थोरला मुलगा... इपी. इपी! त्याचं नाव इपी!"

मी विजेरीसकट उडी मारली. फ्रँक धावत आला, त्यालाही दाखवलं. त्याने खूप वेळ पाहिलं, कपाळाच्या आठ्या पहिल्यांदाच उलगडल्या, आणि तो दाराकडे वळून ओरडला, "ती पोती परत न्या!"

दिवे लागले. आई उठून दोरीशी उभ्या होत्या. "काय नाव म्हणाली?"

"इपी."

"लाडाचं वाटतं." त्यांनी हात जोडले आणि घसा साफ करून, गॅलरीत घुमेल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "इपी, ये बाबा. जेवून जा."

हेलनला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिने डोळे पुसले.

पुढचं काम रुक्ष होतं, पण मला त्यातही गंमत वाटत होती. कागदाच्या ओल्या लगद्याचं पोटीस दगडाला बांधायचं, ते वाळताना मीठ ओढून घेतं. लगदा धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की पाणी दुधासारखं होतं, म्हणजे मीठ अजून आहे. दुधाचं ताक आणि ताकाचं पाणी होईपर्यंत मी पोटिसं बांधत राहिले. गॅलरी वेळेवर उघडली. सेशेमच्या पुढ्यातली ती ठेचलेली जागा उघडी राहिली आणि खालच्या पाटीवर चार नावं आली. मी पुढे कितीतरी दगड हाताळले, काही माझ्या डोळ्यांदेखत भुगा झाले, आणि ते दार जिथून आणलं ती जागा बघायला जायचं मात्र राहूनच गेलं, याची हळहळ आहे. आता मी वाळवंटातल्या चँडलर गावी राहते. दगडांना मानवणारी इथली कोरडी हवा पाहिली की अजूनही वाटतं, ते दार इथे असायला हवं होतं.

पण मला सांगायचं आहे ते इपीचं नाव सापडलं त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. घरी आलो. मी सुहासला सगळं हातवारे करकरून सांगत होते. आई थेट दिवाणखान्यात गेल्या, भिंतीवरचा फोटो काढून आणला आणि डायनिंग टेबलवर उपडा ठेवला. मागचे खिळे त्यांना निघेनात. मी माझी बारीक सुरी आणली. पुठ्ठा निघाला, घडी उलगडली. घडीवर पांढरी रेघ उमटली होती, पण माणूस शाबूत होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, नाकीडोळी अगदी सुहाससारखा, बापाच्या खुर्चीवर हात ठेवून हसणारा.

"सुहास," आई म्हणाल्या, "प्रभाकरला फोन लाव."

मी लग्न होऊन आल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. वाटलं, आता नंबर शोधायचा कुठून, कोणाला विचारायचं? सुहासने रिसीव्हर उचलला, ऑपरेटरला बेळगावचा एक नंबर सांगितला. शेजाऱ्यांचा होता, बोलावून आणावं लागायचं. त्याने नंबर कुठेही बघितला नाही. सगळा तोंडपाठ होता.

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. तिकडे सकाळ नुकतीच उजाडत असणार. कोणीतरी हाका मारतंय, दार वाजतंय, चपला फरफटतायत, असं सगळं त्या खरखरीतून ऐकू आलं. मग कोणीतरी धापा टाकत "हॅलो" म्हणालं. सुहासने रिसीव्हर आईंच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून पुन्हा "हॅलो, कोण?" आलं.

"प्रभाकर," आई म्हणाल्या. आणि तिकडे सकाळचे सहा वाजलेत याचा काही विचार न करता म्हणाल्या, "जेवलास का रे?"